अपसारी विचार, सर्जनशीलतेच्या चाचण्या आणि ‘९८ टक्के प्रतिभावान मुले’

खडूफळा (धागाकर्ती)

शिक्षणाविषयीच्या व्हॉट्सॲप गटांवर गेली कित्येक वर्षे एक मजकूर फिरतो आहे. ‘नासा’साठी तयार केलेली सर्जनशीलतेची एक चाचणी १९६८ मध्ये पाच वर्षांच्या १,६०० मुलांना दिली आणि त्यांतील ९८ टक्के मुले ‘प्रतिभावान’ ठरली. तीच मुले दहा वर्षांची झाल्यावर हे प्रमाण ३० टक्क्यांवर आणि पंधराव्या वर्षी १२ टक्क्यांवर आले. प्रौढांमध्ये तर ते जेमतेम २ टक्के निघाले, असे त्यात सांगितलेले असते. शाळा मुलांची प्रतिभा मारून टाकते, हा निष्कर्ष शेवटी ठळक अक्षरांत असतोच. मी अध्यापक विद्यालयात शैक्षणिक मानसशास्त्र शिकवते. हा मजकूर दरवर्षी कोणी ना कोणी छात्राध्यापक वर्गात घेऊन येतो, आणि त्या निमित्ताने मला जे सांगावे लागते ते एकदा सविस्तर लिहून ठेवावे म्हणून हा धागा काढत आहे.

हे आकडे जॉर्ज लँड आणि बेथ जार्मन यांच्या १९९२ मधील एका पुस्तकातून आणि पुढे भाषणांच्या चित्रफितींमधून पसरले. चाचणीत नेमके कोणते प्रश्न होते, गुणदान कसे केले, ‘प्रतिभावान’ ठरण्याची रेषा कोठे आखली, हे इतरांना तपासता येईल अशा शोधनिबंधाचा आधार त्यांना नाही. तो मुद्दा क्षणभर बाजूला ठेवला तरी एक साधी गोष्ट उरते. ज्या परीक्षेत शंभरांपैकी अठ्ठ्याण्णव जण पहिल्या वर्गात येतात, ती परीक्षा त्या शंभर जणांविषयी काहीच सांगत नाही. ती परीक्षेच्या रेषेविषयी सांगते.

या विषयाच्या शास्त्रीय अभ्यासाचा आरंभ सहसा ५ सप्टेंबर १९५० या दिवसापासून मोजतात (आपल्याकडे हा दिवस शिक्षकदिन व्हायला तेव्हा बारा वर्षे होती). अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्ष जे. पी. गिलफर्ड यांनी त्या दिवशी केलेल्या अध्यक्षीय भाषणात आपल्याच सहकाऱ्यांची झाडाझडती घेतली. मागच्या २३ वर्षांत मानसशास्त्रीय साहित्याच्या सूचीत नोंदल्या गेलेल्या सुमारे १,२१,००० शीर्षकांपैकी अवघी १८६ सर्जनशीलतेशी संबंधित होती, असे त्यांनी दाखवून दिले. प्रचलित बुद्धिमापन चाचण्यांमध्ये प्रत्येक प्रश्नाला एकच बरोबर उत्तर असते आणि ते उत्तर चाचणी तयार करणाऱ्याला आधीच ठाऊक असते. अशा चाचणीत नवे सुचण्याची क्षमता दिसणार तरी कशी, हा त्यांचा मूळ प्रश्न होता. पुढे त्यांनी बुद्धीच्या रचनेचे जे प्रतिमान मांडले त्यात पाच मानसिक क्रिया, चार प्रकारचे आशय आणि सहा प्रकारची फलिते यांच्या गुणाकारातून १२० क्षमता येत होत्या. अपसारी विचार, म्हणजे एकाच प्रश्नाला अनेक वेगवेगळी उत्तरे शोधणे, ही त्या पाच क्रियांपैकी एक होती. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण आपल्या पाठ्यपुस्तकांत ‘अपसारी विचार म्हणजेच सर्जनशीलता’ असे समीकरण सर्रास आढळते, आणि खुद्द गिलफर्ड यांनी ते तसे मांडलेले नव्हते. समस्या हेरण्याची नजर आणि सुचलेल्या गोष्टींचे मूल्यमापन या दोन्हींना त्यांच्या विचारात स्वतंत्र स्थान होते.

विटेचे, वर्तमानपत्राचे किंवा तत्सम वस्तूचे जितके सुचतील तितके उपयोग लिहा, हा प्रश्न त्यांच्याच परंपरेतला आहे. त्याला शाळेत नेले ते ई. पॉल टॉरन्स यांनी. मिनेसोटा विद्यापीठात काम करताना त्यांनी १९५८ पासून प्राथमिक शाळेतील मुलांचा पाठपुरावा सुरू केला आणि १९६६ मध्ये त्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. कापडी हत्तीच्या खेळण्यात कोणते बदल केले तर त्याच्याशी खेळायला अधिक मजा येईल, पुठ्ठ्याच्या खोक्यांचे काय काय करता येईल, पानभर छापलेल्या रिकाम्या वर्तुळांपासून कोणकोणती चित्रे काढता येतील, अशा स्वरूपाच्या त्या कृती आहेत. त्यांवर गुण मिळतात ते चार गोष्टींसाठी. उत्तरे किती आली हा ओघ, ती किती वेगवेगळ्या प्रकारांत मोडतात ही लवचीकता, ती किती विरळ आहेत ही मौलिकता, आणि त्यांत तपशील किती भरले हा विस्तार. १९८४ मध्ये चित्रविभागाच्या गुणदानातून लवचीकता वगळण्यात आली आणि चित्राला दिलेल्या शीर्षकाची अमूर्तता व घाईने आकृती बंद न करण्याची वृत्ती या दोन गोष्टी आल्या. आपल्या बी.एड.च्या टिपणांपर्यंत मात्र हा बदल बहुधा पोहोचलेला नाही.

माझे म्हणणे असे आहे की या चाचण्यांचा गुणांक मुलाच्या डोक्यात दडलेल्या एखाद्या साठ्याचे माप नव्हे. वेळ किती दिला, सूचना काय दिली, वातावरण परीक्षेचे होते की खेळाचे, आणि तुलना कोणाशी केली, यांवर तो इतका हलतो की ‘शाळेमुळे अमुक टक्के सर्जनशीलता घटली’ असे विधान त्यावर उभे राहूच शकत नाही. तो कशामुळे हलतो, हे मात्र शिक्षकाच्या फार उपयोगाचे आहे.

याचा सर्वांत स्वच्छ दाखला वॉलॅक आणि कोगन यांच्या १९६५ मधील अभ्यासात मिळतो. त्यांनी पाचवीच्या १५१ मुलामुलींना हे प्रश्न एकेकट्याने विचारले, वेळेचे बंधन काढून टाकले आणि ‘परीक्षा’ हा शब्दच वर्गात येऊ दिला नाही. मुलांच्या खेळांविषयी कुतूहल असलेल्या दोन तरुणी पाहुण्या म्हणून मुलांना त्यांची ओळख करून देण्यात आली. गोल असणाऱ्या जितक्या वस्तू आठवतील तितक्या सांग, असे त्या गप्पांच्या ओघात विचारत. या पद्धतीने मिळालेले सर्जनशीलतेचे गुण आपापसांत बऱ्यापैकी जुळले (सहसंबंध ०.४ च्या आसपास; ० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण जुळणी), आणि बुद्धिमापनाच्या गुणांशी मात्र त्यांचा संबंध ०.१ इतकाच उरला. त्याआधी १९६२ मध्ये गेट्झेल्स आणि जॅक्सन यांनी शिकागोत केलेल्या गाजलेल्या अभ्यासात हे दोन गुण इतके सुटे निघाले नव्हते. परीक्षेचा ताण काढून घेतला की परीक्षेत हुशार ठरणारे मूल आणि नवे सुचणारे मूल यांची गल्लत कमी होते, असा त्याचा मी अर्थ लावते.

ज्यांनी वर्गात असे काही करून पाहिले आहे त्यांनी कृपया लिहावे.

सांख्यिक

धागा उत्तम आहे. गुणदानाविषयी थोडी भर घालतो, कारण या चाचण्यांची खरी मेख तिथे आहे.

समजा, दोन मुलांना विटेचे उपयोग विचारले. पहिल्याने लिहिले: घर बांधणे, भिंत बांधणे, कुंपण बांधणे, गोठा बांधणे, चूल बांधणे, ओटा बांधणे, पायरी बांधणे, हौद बांधणे, फुलझाडांचा वाफा बांधणे. दुसऱ्याने लिहिले: उभ्या टेम्पोच्या चाकामागे लावणे, कुटून रांगोळीसाठी लाल रंग करणे, क्रिकेटचा स्टंप म्हणून उभी करणे. ओघाचे गुण पहिल्याला नऊ आणि दुसऱ्याला तीन. लवचीकतेत दुसरा तीनही प्रकारांत गेला आहे, पहिला एकातच फिरतो आहे. इथवर ठीक आहे. मौलिकतेचे गुण मात्र रूढ पद्धतीत विरळ उत्तरांची बेरीज करून देतात, त्यामुळे जो जास्त लिहितो त्याच्या यादीत दोनचार विरळ उत्तरे आपोआप सापडतात आणि मौलिकतेचा गुणांक ओघाच्या मागे फरपटत जातो. हे दोन गुणांक अनेक अभ्यासांत एकमेकांशी इतके जुळतात की आपण दोन गोष्टी मोजत आहोत की एकच गोष्ट दोनदा, अशी शंका यावी. यावर उपाय म्हणून २००८ मध्ये पॉल सिल्व्हिया आणि सहकाऱ्यांनी असे सुचवले की प्रत्येकाने स्वतःची सर्वोत्तम वाटणारी दोन उत्तरे निवडावीत आणि परीक्षकांनी फक्त त्यांना गुण द्यावेत. मला तो मार्ग पटतो, कारण त्यात निवड करण्याच्या क्षमतेलाही काही काम उरते.

दुसरी गोष्ट उत्तरांच्या क्रमाची. सुरुवातीची उत्तरे ठरावीक असतात आणि विरळ उत्तरे उशिरा येतात, हे गिलफर्ड यांच्याच गटाने १९५७ मध्ये नोंदवले होते आणि नंतरच्या अभ्यासांतही ते टिकले आहे. दोन मिनिटांत पाटी गोळा करणारा शिक्षक आणि दहा मिनिटे थांबणारा शिक्षक यांना एकाच वर्गात दोन वेगळे वर्ग दिसतील. त्यात भर म्हणजे ‘जास्तीत जास्त लिहा’ याऐवजी ‘इतरांना सुचणार नाही असे लिहा’ एवढी सूचना बदलली तरी मौलिकता वाढते. हॅरिंग्टन यांचा १९७५ मधील अभ्यास या बाबतीत पायाभूत मानला जातो.

भीमातीर

मी पंढरपूर तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. वरील उदाहरण वाचून लिहावेसे वाटले. हाच विटेचा प्रश्न मी पाचवीच्या वर्गात विचारला होता, आणि ‘विठोबाला उभे राहायला’ हे उत्तर वर्गातल्या बहुतेक मुलांनी पहिल्या तीन उत्तरांतच लिहिले. एका मुलीने पुढे लिहिले होते, ‘आईवडिलांचे काम चालू असताना पाहुण्याला थांबवून ठेवायला’. पुंडलिकाची गोष्ट तिने उपयोगाच्या भाषेत आणून ठेवली होती. आता या दोन उत्तरांना मौलिकतेचे किती गुण द्यायचे, हे मला ठरवता आले नाही.

सांख्यिक

भीमातीर, आपले उदाहरण मी पुढे कायम वापरणार आहे. मौलिकता म्हणजे संख्याशास्त्रीय विरळता, आणि विरळता ही नमुन्यापुरतीच असते. अमेरिकेत तयार झालेल्या मानकांच्या (कोणते उत्तर किती जणांनी दिले याच्या) तक्त्यात आपल्या वर्गातले पहिले उत्तर सापडणारच नाही, म्हणून त्या तक्त्याने गुण दिले तर अख्खा वर्ग मौलिक ठरेल. आपल्याच वर्गाचा तक्ता करून गुण दिले तर त्याच उत्तराला शून्य मिळेल. दोन्ही हिशेब आपापल्या जागी बरोबर आहेत. मुलीच्या उत्तराला मात्र दोन्ही तक्त्यांत गुण मिळतील, कारण तिने सर्वांना ठाऊक असलेली वस्तू घेऊन तिचे काम बदलले.

प्रबंधिका

माझ्या एम.एड.च्या प्रबंधासाठी बाकर मेहदी यांची चाचणी वापरली होती, म्हणून लिहिते. हिंदी आणि इंग्रजीत असलेली ही चाचणी आग्र्याहून १९७३ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि भारतातील शिक्षणशास्त्राच्या प्रबंधांत ती आजही सर्रास दिसते. माणसाला पक्ष्यांसारखे उडता आले तर काय होईल, तुमच्या शाळेला चाके असती तर काय झाले असते, माणसाला अन्नाची गरजच उरली नाही तर काय होईल, असे तीन ‘परिणाम’ प्रश्न तिच्यात आहेत. दगडाचा तुकडा, लाकडी काठी आणि पाणी यांचे नवे उपयोग विचारले आहेत. झाड आणि घर, खुर्ची आणि शिडी, हवा आणि पाणी यांच्यातले संबंध शोधायचे आहेत. आणि टॉरन्स यांच्या हत्तीच्या जागी खेळण्यातला घोडा आहे.

आता आपल्याकडची अडचण पाहा. ‘शाळेला चाके असती तर’ हा प्रश्न मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला नवा नाही. त्याला तो ‘कल्पनाप्रधान निबंध’ म्हणून ओळखीचा आहे. ‘सूर्य उगवला नाही तर’, ‘परीक्षा नसत्या तर’, ‘मी मुख्यमंत्री झालो तर’ हे निबंध गाईडमधून पाठ केलेले असतात, त्यांची सुरुवात ठरलेली असते (‘काय म्हणता? असे झाले तर किती बरे होईल!’), फायदे किती परिच्छेद आणि तोटे किती परिच्छेद हेही ठरलेले असते, आणि शेवटी ‘नको रे बाबा, आहे तेच बरे’ असे म्हणून मूल जमिनीवर उतरते. चाचणीच्या उत्तरपत्रिका तपासताना हा साचा मला पानोपानी दिसत होता. ज्या मुलांनी निबंधाचा सराव अधिक केला होता त्यांचा ओघही अधिक होता. गुणदान पुस्तिकेप्रमाणे मी त्यांना गुण दिले, कारण देणे भाग होते. पण तो ओघ विचारांचा नव्हता, पाठांतराचा होता, असे माझे स्पष्ट मत आहे. राज्य मंडळाच्या कृतिपत्रिकेतील ‘स्वमत’ प्रश्नाचेही दुर्दैवाने हेच झाले आहे. स्वमतसुद्धा गाईडमध्ये छापून मिळते.

ठाणेकरीण

चर्चा वाचते आहे आणि बरेच नव्याने कळते आहे. माझा प्रश्न व्यावहारिक आहे. आमच्या भागातील एका क्लासने ‘मुलाचा उजवा मेंदू जागृत करून सर्जनशीलता वाढवतो’ असे सांगून भरभक्कम शुल्क घेतले, तीन महिन्यांनी पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणीचे गुण दाखवले, आणि गुण खरोखर जवळजवळ दुप्पट झाले होते. मुलात घरी मला काहीच फरक दिसत नाही. प्रशिक्षणाने सर्जनशीलता वाढते की नाही, याविषयी संशोधन काय सांगते?

खडूफळा

ठाणेकरीण, प्रशिक्षणाने चाचणीतील गुण वाढतात, याबद्दल फारसा वाद नाही. स्कॉट, लेरिट्झ आणि ममफर्ड यांनी २००४ मध्ये अशा ७० अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला आणि नीट आखलेल्या प्रशिक्षणाचा परिणाम चांगला असल्याचे त्यांना आढळले. ज्या कार्यक्रमांत विचार करण्याच्या पायऱ्या शिकवल्या होत्या आणि त्या त्या क्षेत्रातील खऱ्याखुऱ्या प्रश्नांवर सराव करून घेतला होता, ते अधिक उपयोगी ठरले. उजव्या मेंदूच्या जागृतीला मात्र असा कोणताही आधार नाही. नवे सुचण्याच्या क्रियेत मेंदूच्या दोन्ही बाजूंचे भाग एकत्र काम करतात.

खरा प्रश्न आहे तो हा लाभ दुसरीकडे जातो का, हा. जॉन बेअर यांनी १९९६ मध्ये सातवीच्या मुलांना कवितेला उपयोगी पडतील अशा अपसारी विचाराच्या कृती करायला दिल्या, आणि नंतर त्यांच्याकडून कविता व कथा दोन्ही लिहून घेतल्या. प्रशिक्षणाचा परिणाम कवितांवर ठळक दिसला आणि कथांवर तितका दिसला नाही. कविता आणि कथा इतक्या जवळच्या असूनही असे होत असेल, तर क्लासमध्ये पेपरक्लिपचे पन्नास उपयोग सांगायला शिकलेले मूल घरी वेगळे का वागत नाही, हे समजण्यासारखे आहे. त्यातून पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी एकाच धर्तीची असेल तर वाढलेले गुण सरावाचे असतात. असे प्रशिक्षण न घेतलेल्या मुलांचा एखादा गट तुलनेसाठी होता का, एवढे त्या क्लासला जरूर विचारावे.

बक्षिसांविषयीही लिहायला हवे, कारण क्लासमध्ये ती सढळ हाताने वाटली जातात. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ मध्ये स्टॅनफर्डच्या बालवाडीत, ज्यांना रंगीत पेनांनी चित्रे काढायला मुळातच आवडत होते अशी मुले निवडली. त्यांतील काहींना ‘चित्र काढलेस तर प्रशस्तिपत्र मिळेल’ असे आधी सांगितले, काहींना न सांगता नंतर अचानक दिले आणि काहींना दिलेच नाही. एकदोन आठवड्यांनी मोकळ्या वेळेत तेच पेन समोर ठेवले, तेव्हा आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुले त्यांच्याकडे इतरांच्या सुमारे निम्माच वेळ वळली. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांची आवड टिकून होती. आयझेनबर्गर यांनी पुढे असेही दाखवले की बक्षीस नेमके नावीन्यासाठी आहे हे मुलाला कळले तर सर्जनशीलता वाढूही शकते, त्यामुळे बक्षीस सरसकट वाईट असे मी म्हणणार नाही. पण प्रत्येक चित्रामागे एक चिकटतारा देणे मी माझ्या छात्राध्यापकांना थांबवायला सांगते.

भूमितीय

मी गणित शिकवून निवृत्त झालो आहे आणि या सगळ्या चर्चेत एक गोष्ट मला खटकते. विटेचे उपयोग सांगण्यासाठी मुलाला काहीही यावे लागत नाही, हाच त्या प्रश्नाचा दोष आहे. ज्ञानाशिवाय सुचणे ही करमणूक झाली. पाढे, सूत्रे आणि सराव यांना ‘घोकंपट्टी’ म्हणून हिणवण्याची जी टूम निघाली आहे, तिला या संशोधनाच्या अर्धवट वाचनाने खतपाणी मिळते.

अपसारी विचार गणिताच्या पोटात शिरूनही मोजता येतो, आणि तसे काम झालेले आहे. ब्रिटिश गणितशिक्षणतज्ज्ञ डेरेक हेलॉक यांची एक कृती मी वर्गात पुष्कळदा दिली. एक सेंटिमीटर अंतरावर तीन ओळींत तीन-तीन असे नऊ ठिपके काढायचे आणि ते जोडून २ चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाच्या जितक्या वेगळ्या आकृती निघतील तितक्या काढायच्या. बहुतेक मुले २ बाय १ चा आयत काढतात, मग तोच आयत सरकवून आणि उभा करून काढतात आणि पेन्सिल खाली ठेवतात. ज्याला त्रिकोणाच्या क्षेत्रफळाचे सूत्र नुसते पाठ नसून समजलेले आहे, तो पाया २ आणि उंची २ असलेल्या त्रिकोणांकडे वळतो. त्यानंतर समांतरभुज चौकोन येतात. बाहेरच्या चारही बाजूंचे मधले ठिपके जोडून तिरका चौरस काढणारे मूल क्वचित निघते, आणि त्याचे क्षेत्रफळ २ का, हे त्याने कर्ण धरून सांगितले की बाकीचा वर्ग उठून फळ्याजवळ येतो. इथे चुकीचे उत्तर चुकीचेच असते, आणि तरीही बरोबर उत्तरे अनेक असतात.

खडूफळा

भूमितीय सर, आपल्या आक्षेपातील निम्मा भाग मला पूर्ण मान्य आहे, आणि ती कृती मी पुढच्या सत्रात घेणार आहे. मात्र ज्ञान पुरेसे झाले की नवे आपोआप सुचेल, असेही नाही. आपल्याच वर्गात सूत्र येणाऱ्या बहुतेक मुलांनी आयतापाशी पेन्सिल ठेवली. हेलॉक यांचाही रोख याच अडकून बसण्यावर होता. मुले तिथे का थांबतात याचे एक उत्तर शिक्षकांकडेही जाते. वेस्टबी आणि डॉसन यांनी १९९५ मध्ये प्राथमिक शिक्षकांना त्यांच्या सर्वांत आवडत्या आणि सर्वांत नावडत्या विद्यार्थ्यांचे गुणविशेष नोंदवायला सांगितले. सर्जनशील मुलांत सहसा आढळणारे विशेष नावडत्या मुलांच्या वर्णनाशी अधिक जुळले. सर्जनशील मुलांना शिकवायला आवडते, असे मात्र तेच शिक्षक सांगत होते. उत्तरे येत असताना ‘आता पुरे, पुढे चला’ म्हणणे आपल्या सर्वांच्या जिभेवर असते.

सिंहपूर

मी सिंगापूरमध्ये राहतो. ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी-मूल्यमापनाच्या २०२२ च्या फेरीत पंधरा वर्षांच्या मुलांच्या सर्जनशील विचाराची परीक्षा पहिल्यांदाच घेण्यात आली आणि तिचे निकाल जून २०२४ मध्ये आले. ६० पैकी सरासरी ४१ गुण मिळवून सिंगापूर पहिले आले. ही परीक्षा घेणाऱ्या ओईसीडी या, प्रामुख्याने विकसित देशांच्या, संघटनेतील देशांची सरासरी ३३ होती. भारत या फेरीत नव्हता. परीक्षांच्या ताणासाठी जी शिक्षणपद्धती प्रसिद्ध आहे तिने या यादीत पहिले यावे, हे ‘परीक्षा सर्जनशीलता मारतात’ या सरळ सूत्रात बसत नाही. इथल्या शिकवणीवर्गांची गर्दी मी रोज पाहतो, त्यामुळे या निकालाने मी हुरळून गेलो नाही. संगणकावर ठरावीक वेळेत लिहून द्यायच्या उत्तरांची ती परीक्षा होती, आणि असे काम नेटाने करायला इथली मुले लहानपणापासून शिकतात.

सांख्यिक

सिंहपूर यांच्या मुद्द्याला जोडून दोन आढाव्यांचे आकडे देतो. क्युंग ही किम यांनी २००५ मध्ये २१ अभ्यासांतील ४५,८८० व्यक्तींची माहिती एकत्र केली, तेव्हा बुद्ध्यांक आणि सर्जनशीलतेच्या चाचण्यांतील सहसंबंध ०.१७४ इतकाच आला. २००८ मधील त्यांच्या दुसऱ्या आढाव्यात प्रत्यक्ष सर्जनशील कामगिरीशी अपसारी विचाराच्या चाचण्यांचा सहसंबंध ०.२१६ आणि बुद्ध्यांकाचा ०.१६७ होता. पहिला आकडा मोठा आहे खरा, पण दोन्ही लहान आहेत. एखाद्या मुलाविषयी भाकीत करण्याइतके बळ त्यांपैकी कशातच नाही.

‘अमेरिकेत सर्जनशीलता घसरत आहे’ ही बातमीही किम यांच्याच २०११ च्या लेखातून आली. टॉरन्स चाचणीच्या २,७२,५९९ गुणपत्रांवरून १९९० नंतर घसरण दिसते, असे त्यांनी दाखवले. ती घसरण मुलांची, की वेगवेगळ्या वर्षी निवडलेल्या नमुन्यांची, हा वाद माझ्या मते मिटलेला नाही.

भीमातीर

एक शंका आहे. आमच्या केंद्रात (आसपासच्या शाळांच्या गटात) ‘प्रतिभावान’ मुले निवडून त्यांच्यासाठी उन्हाळी वर्ग घ्यायचा विचार चालला आहे, आणि निवडीसाठी शिष्यवृत्तीच्या सराव परीक्षेबरोबर अशी एखादी चाचणी घ्यावी, असे एका अधिकाऱ्यांनी सुचवले आहे. हे योग्य होईल का?

प्रबंधिका

माझ्या मते चाचणी घ्यावी, पण तिच्या गुणांवर कोणाला वगळू नये. शिष्यवृत्तीच्या बहुपर्यायी प्रश्नांत न चमकणारी काही मुले अशा चाचणीत वर येतात, एवढा तिचा उपयोग निश्चित आहे. टॉरन्स यांनी स्वतःच या गुणांकाला मुलाच्या क्षमतेचे कायमचे माप समजू नये, असे बजावले होते. ज्ञानप्रबोधिनीच्या प्रज्ञा मानस संशोधिकेने गिलफर्ड यांच्या प्रतिमानावर आधारलेल्या क्षमताचाचण्यांवर दीर्घकाळ मराठीतून काम केले आहे, तेव्हा आग्र्याची जुनी पुस्तिका मागवण्याआधी त्यांच्याकडे चौकशी करावी. परदेशी मानके मात्र वापरू नयेत. केंद्रातील सगळ्या शाळांच्या उत्तरांची एकत्र यादी करून विरळता ठरवावी, म्हणजे विठोबाच्या उत्तराचा गोंधळ होणार नाही.

खडूफळा

प्रबंधिका यांच्याशी सहमत आहे. टॉरन्स यांनी अभ्यासलेल्या शाळकरी मुलांचा पन्नास वर्षांनंतरचा पाठपुरावा रुंको आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केला. बालपणीच्या गुणांचा संबंध त्या माणसांच्या वैयक्तिक आयुष्यातील सर्जनशील कामाशी आढळला. पेटंट, पुरस्कार, प्रकाशने अशा सार्वजनिक कामगिरीशी आढळला नाही. उद्याचे शास्त्रज्ञ किंवा लेखक हेरण्याच्या आशेने निवड होणार असेल, तर या चाचणीकडून ते काम होणार नाही, हे अधिकाऱ्यांना आधीच लेखी कळवावे. उन्हाळी वर्गात जागा शिल्लक असतील तर ज्यांना यायचे आहे त्या सर्वांना येऊ द्यावे, आणि चाचणी वर्ग सुरू झाल्यावर, वेळेचे बंधन न घालता, एकेका मुलाशी गप्पा मारत घ्यावी. उत्तरांची यादी करताना मुलांची नावे काढून दोन शिक्षकांनी स्वतंत्रपणे गुण द्यावेत आणि जिथे दोघांचे जमत नाही ती उत्तरे शक्य असल्यास इथे टाकावीत.